चिकित्सेतली हिंसा

कर्करोगाची गाठ रक्तावर वाढते. स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेली गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही, कारण प्राणवायू आणि अन्नरस झिरपत झिरपत तेवढ्याच अंतरापर्यंत पोचतात. पुढे वाढायचे तर गाठीला शेजारच्या निरोगी भागातून नव्या वाहिन्या आपल्याकडे वळवून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी ती रासायनिक संदेश सोडते. या वाहिन्या रोखल्या तर गाठही रोखता येईल, असे बोस्टनचे शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले. त्या वेळी हे फारसे कोणी मनावर घेतले नाही. आज त्या विचारातून निघालेली औषधे कर्करोगाच्या दवाखान्यांत रोज वापरली जातात. ध्वनिलहरी आणि सूक्ष्म बुडबुडे यांची उपचारपद्धती हा त्याच विचाराचा एक नवा फाटा आहे. तिच्यामुळे एक फार जुना धार्मिक प्रश्न नव्याने उभा राहतो: एक जीव वाचवण्यासाठी दुसरे काही मारणे याला हिंसा म्हणायचे की नाही?

या पद्धतीत रुग्णाच्या शिरेतून अतिशय बारीक बुडबुडे सोडतात. त्यांचे कवच चरबीसारख्या पदार्थाचे किंवा प्रथिनाचे असते आणि आत सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा जड वायू असतो. बुडबुड्याचा व्यास बहुधा एक ते दहा मायक्रॉन, म्हणजे साधारण तांबड्या रक्तपेशीएवढा किंवा तिच्याहून लहान. त्यामुळे तो केशवाहिनीतून सहज जातो, पण वाहिनीबाहेर पडत नाही. काही मिनिटांत बुडबुडे विरतात आणि आतला वायू श्वासावाटे निघून जातो. सोनोग्राफीत यकृत किंवा हृदय स्पष्ट दिसावे म्हणून हे बुडबुडे बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत. उपचारासाठी मात्र ध्वनीचा झोत गाठीवर रोखतात. लहरींच्या दाबाने बुडबुडा फुगतो आणि आकसतो. दाब बेताचा असेल तर वाहिनीचे अस्तर सैल होते आणि किमोचे औषध गाठीत जास्त शिरते. दाब वाढवला तर बुडबुडा जोराने फुटतो आणि अस्तराच्या पेशींना इजा होते. बुडबुडे सगळ्या शरीरभर फिरतात, पण घाव बसतो तो ध्वनी पडेल तिथेच. म्हणजे निवड बुडबुडा करत नाही, झोत रोखणारा हात करतो. गाठीच्या वाहिन्यांना चिकटून बसतील असे रेणू कवचावर लावलेले बुडबुडेही तयार झाले आहेत, पण त्यांचा उपयोग आतापर्यंत मुख्यतः गाठ पाहण्यासाठी झाला आहे.

कॅनडात टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयातील ग्रेगरी झार्नोटा यांच्या गटाने २०१२ साली उंदरांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदरांत वाढवलेल्या मानवी प्रोस्टेटच्या गाठींवर आधी बुडबुडे आणि ध्वनी यांचा मारा केला आणि जोडीला किरणोपचार दिले. दोन्ही मिळून मेलेल्या पेशींचे प्रमाण दहापटीहून जास्त भरले. कारण शोधताना असे दिसले की आधी वाहिनीच्या अस्तरपेशी मरतात आणि त्यांच्यामागोमाग गाठ ढासळते. माणसांवरची सुरुवात याहून लहान होती. नॉर्वेतल्या बर्गेन येथे स्वादुपिंडाच्या, शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या कर्करोगाच्या दहा रुग्णांना किमोसोबत बुडबुडे आणि ध्वनी दिले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात या रुग्णांचे मध्यक आयुर्मान १७.६ महिने होते. पूर्वी फक्त किमो घेतलेल्यांचे ते ८.९ महिने होते. दहा रुग्ण आणि तुलनेला जुन्या नोंदी, एवढ्यावर कोणतीही पद्धत सिद्ध होत नाही. मराठवाड्यात, नांदेड किंवा लातूरच्या रुग्णाला आज जे मिळते ते शस्त्रक्रिया, किमो आणि रुग्ण ज्याला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात ते किरणोपचार. बुडबुड्यांचा उपचार अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे, आणि नैतिक चर्चेला हीच वेळ बरी. उपचार एकदा सर्रास रुळला की त्याच्याबद्दलचे प्रश्न विचारले जाणे बंद होते.

या पद्धतीतली विशेष गोष्ट अशी की ज्याला मारायचे आहे तो एक आणि ज्याच्यावर घाव पडतो तो दुसरा. वाहिनीच्या अस्तरपेशी कर्करोगाच्या नसतात. त्या रुग्णाच्याच निरोगी पेशी असतात, गाठीच्या हाकेला फसून तिच्या सेवेला लागलेल्या. ‘कॅन्सरशी लढाई’ ही वर्तमानपत्री भाषा इथे निदान एका बाबतीत नेमकी बसते: हा वेढा आहे, किल्ल्यावर थेट हल्ला न करता रसद तोडणे आहे, आणि वेढ्यात रसद वाहणारे मरतात. नांदेडला लढाईची नीती परकी नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली याच गावी गोदावरीकाठी देह ठेवला. त्याआधी औरंगजेबाला लिहिलेल्या ‘जफरनामा’ या फारसी पत्रात त्यांनी शस्त्राची मर्यादा सांगितली आहे: इतर सगळे उपाय खुंटल्यावरच तलवारीला हात घालणे रास्त.  पण शेवटच्या उपायाचा नियम बाहेरच्या शत्रूसाठी आहे. गाठ बाहेरून आलेली नसते आणि तिची रसद तर नक्कीच आतली. लढाईचा दाखला इथवरच पुरतो.

याहून खोल प्रश्न मराठीत तेराव्या शतकातच विचारला गेला आहे, आणि तोही मराठवाड्यातल्या आपेगावच्या घराण्यातल्या माणसाकडून. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत अहिंसा येते. तिच्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वर आधी इतरांची मते मांडतात आणि मांडतानाच त्यांची खिल्ली उडवतात. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालावे, देऊळ मोडून देवाला आवार बांधावे, तशी काहींची अहिंसा. यज्ञात पशू मारणाऱ्या पूर्वमीमांसकांवर टीका अपेक्षितच होती. अनपेक्षित आहे ते पुढचे, कारण यज्ञानंतर ते थेट आयुर्वेदाकडे वळतात. रोगाने होरपळून लोळणारे जीव पाहिले आणि त्यांच्यावरची ती हिंसा दूर करण्यासाठी चिकित्सा निघाली, हे ते मान्य करतात. पण त्या चिकित्सेसाठी कोणाचे मूळ खणले, कोणाला पानांसकट उपटले, कोणाची साल सोलली, कोणाला मध्येच मोडले आणि कोणाला भांड्यात उकळले, याची यादीच ते देतात. कोणाशी वैर नसलेल्या झाडांचा जीवनरस काढून घेतला गेला. मग हलत्या-चालत्या प्राण्यांनाही हात लावला, त्यांचे पित्त काढले, आणि त्यावर दुसरे शिणलेले जीव राखले.

वैद्यकावर इतका थेट आक्षेप मराठीत त्याआधी किंवा त्यानंतर क्वचितच कोणी घेतला असेल. तो नीट वाचायला हवा, कारण उपचार करू नयेत असे ज्ञानेश्वर म्हणत नाहीत. त्याच विवेचनात धान्य शिजवताना जीव मरतील या भीतीने शिजवणेच सोडून देणाऱ्यांचाही समाचार आहे: त्यांनी स्वतःच्या प्राणांचे हाल केले, आणि तीही हिंसाच. म्हणजे उपचार नाकारून गाठीला वाढू देणारा अहिंसक ठरत नाही. आक्षेप आहे तो नावाला. चिकित्सा ही हिंसेने हिंसा हटवते, तेव्हा तिला अहिंसा म्हणू नये. ज्ञानेश्वरांची अहिंसा वागणुकीत दिसते: परमाणूंत गुंतलेले बारीक जीव ओळखून करुणेत पावले लपवत चालणारा माणूस हे त्यांनी रंगवलेले तिचे चित्र आहे. याच कसोटीवर बुडबुड्यांचा उपचार धरला तर त्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. इथे मूळ खणायचे नाही, साल सोलायची नाही, सुरीही चालवायची नाही. किरणांची मात्रा कमी करून तेवढाच परिणाम साधता आला तर निरोगी त्वचा, आतडी आणि मज्जा यांवरचा मारा घटेल, हीच या संशोधनामागची मोठी आशा आहे.

सुश्रुताने अर्बुदाबद्दल, म्हणजे गाठीबद्दल, याच्या नेमका उलट सल्ला दिला होता. त्याच्या मते अर्बुद निःशेष काढावे. थोडेसेही उरले तर ते पुन्हा वाढते आणि विझायची राहिलेल्या आगीसारखे माणसाला मारते. वाहिन्यांवरचा उपचार एकट्याने निःशेष काही काढत नाही. गाठीच्या कडेला निरोगी भागातून रक्त घेणारी पेशींची पट्टी जिवंत राहू शकते आणि तिथून गाठ पुन्हा उठते. म्हणूनच बुडबुडे एकटे न देता किमोच्या किंवा किरणांच्या जोडीला दिले जातात. सुश्रुताची भीती अजून खरी आहे. बदलली ती शस्त्राची जागा.

पेशीला मारणे ही मुळात हिंसा आहे का, हा प्रश्न जैन विचाराने सगळ्यात काटेकोरपणे हाताळला आहे. लातूर, औसा, उदगीर या भागात सैतवाळ जैनांची जुनी वस्ती आहे, आणि पाणी गाळून पिणे, सूर्यास्तापूर्वी जेवणे या नियमांमागचे जीवशास्त्र तिथल्या घरांत लहानपणीच कानावर पडते. एकाच शरीरात असंख्य जीव राहू शकतात ही निगोदाची कल्पना जैन ग्रंथांत आहे. तिचा पेशीसिद्धांताशी बादरायण संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा. निगोद हा स्वतंत्र कर्म भोगणारा जीव आहे, अस्तरपेशी तशी नाही. जैन विचारातली खरी कामाची गोष्ट दुसरी आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याच्या आधी प्रमाद येतो: बेसावध, विकारवश वृत्तीने प्राण घेणे म्हणजे हिंसा. नुसता प्राण जाणे म्हणजे पूर्ण हिंसा नव्हे. गृहस्थासाठी मग चार भेद केले गेले: ठरवून केलेली संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी आणि बचावासाठी केलेली विरोधी. पूर्ण त्याग फक्त पहिलीचा अपेक्षित आहे. डॉक्टरचे काम उद्योगी आणि विरोधी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते.

प्रमाद हा निकष या उपचाराला चपखल लागू पडतो, कारण इथे औषध आणि शस्त्र यांतले अंतर एका आकड्याचे आहे. ध्वनीच्या यंत्रावर ‘मेकॅनिकल इंडेक्स’ नावाचा आकडा दिसतो. तो ध्वनीचा दाब आणि कंप्रता यांवरून काढतात, आणि ऊतीत यांत्रिक इजा होण्याची शक्यता त्यावरून अजमावतात. अमेरिकेत निदानाच्या यंत्रांसाठी त्याची कमाल मर्यादा १.९ आहे. बुडबुडे सोडून चित्र घेताना तो त्याच्या बराच खाली ठेवतात, नाहीतर बुडबुडे चित्र येण्याआधीच फुटतात. उपचारात मात्र बुडबुडा हलवायचाच असतो, कधी फोडायचाही असतो. झोत जरा सरकला, बुडबुड्यांची मात्रा वाढली किंवा दाब चढला, तर गाठीशेजारची निरोगी केशवाहिनी फुटू शकते. हेतू दोन्ही वेळी एकच असतो, बरे करण्याचा. त्यामुळे नुसता हेतू पाहणारी नीती इथे तोकडी पडते आणि सावधपणा पाहणारी उपयोगी ठरते. जैन आचार्यांनी ही व्याख्या साधूच्या पावलासाठी केली होती, पण सोनोग्राफीच्या खोलीत ती नेमकी लागू होते हे मान्य करावे लागते.

ज्ञानेश्वरांच्या यादीतल्या झाडांची आणि पित्त काढलेल्या प्राण्यांची जागा मात्र रिकामी झालेली नाही. ती आता उंदरांनी घेतली आहे. झार्नोटांच्या प्रयोगातल्या गाठी उंदरांच्याच अंगात वाढवल्या होत्या, आणि परिणाम पाहण्यासाठी त्या काढून कापाव्या लागल्या. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आहे. ती वेदना कमी ठेवण्याची आणि प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवण्याची अट घालते. प्रमाद टाळण्याची ही सरकारी तरतूद म्हणता येईल. मूळ आक्षेप तिने मिटत नाही: एका जीवासाठी दुसरा जीव गेला आहे आणि गेलेल्याने होकार दिलेला नाही. जैन परिभाषेत सांगायचे तर प्रयोगातला उंदीर विरोधी हिंसेत बसत नाही, कारण त्याने कोणावर हल्ला केलेला नाही. उद्योगी म्हणावे तर मारणे हा त्या कामाचा आनुषंगिक परिणाम नाही, ठरवलेला भाग आहे. तो संकल्पीच्या फार जवळ जातो. प्रयोगांचे समर्थक हे टाळून पुढे जातात. त्यांचे समर्थन उपयोगाच्या हिशेबावर उभे आहे, अहिंसेवर नाही, एवढे मोकळेपणाने सांगितले तरी चर्चा स्वच्छ होईल.

उंदरांनंतर माणसांची पाळी येते, आणि त्याचा मोठा दाखला लातूरच्या शेजारीच आहे. लातूर जिल्हा १९८२ साली ज्या उस्मानाबादमधून, आताच्या धाराशिवमधून, वेगळा झाला, तिथल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट, त्यांचे चार विभाग. तीन विभागांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या. चौथ्या विभागातल्या ३१,४८८ स्त्रियांना तपासणी न करता नेहमीच्या व्यवस्थेवर सोडले गेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या विभागात या रोगाने ३४ मृत्यू झाले आणि तपासणी न झालेल्या विभागात ६४. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे होतात हे जगाला इथून कळले. चौथ्या विभागातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर नंतर कडक टीका झाली. त्या भागात एरवीही तपासणी होतच नव्हती, मग कोणाचे काय हिरावले, असा बचाव मांडला गेला. बचाव तर्काला धरून आहे आणि तरीही अपुरा आहे, कारण तो गरिबीलाच मोजपट्टी मानतो. जिथे काही मिळत नाही तिथे काही न देणे निर्दोष ठरत असेल, तर असे अभ्यास नेहमी मराठवाड्यासारख्याच भागांत होतील.

बुडबुड्यांच्या उपचाराच्या साधनाचा, म्हणजे ध्वनियंत्राचाही या भागात एक इतिहास आहे. मराठवाड्यात सोनोग्राफी म्हटले की कर्करोग आधी आठवत नाही. गर्भलिंग तपासणी होत नाही असे सांगणारी पाटी आठवते. अशा तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली कडक केला गेला. तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली राज्यात ८९४ होत्या आणि लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७. यंत्र हे नैतिकदृष्ट्या तटस्थ असते, चांगले-वाईट ते वापरणारा ठरवतो, असे नेहमी म्हटले जाते. बीडचा आकडा ऐकल्यावर हे विधान अर्धवट वाटते. सोनोग्राफीने एक कृती सोपी केली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती करणाऱ्याच्या नजरेआड केली. पडद्यावर करड्या सावल्या दिसल्या, एक शब्द उच्चारला गेला, आणि पुढचे सगळे दुसऱ्या खोलीत झाले. त्याच ध्वनीने आता गाठीच्या वाहिन्या तोडताना रक्त दिसत नाही, टाके पडत नाहीत, व्रण राहत नाही. रुग्णाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र न दिसणारी इजा ही सगळ्यात सहज विसरली जाणारी इजा असते. सुरी हातात असणाऱ्या शल्यविशारदाला प्रमाद टाळायला रक्ताची आठवण पुरते. ध्वनी वापरणाऱ्याला ती आठवण आकड्यांतून आणि नोंदींतूनच करून घ्यावी लागते.

रोग हा कर्माचा भोग आहे, तो भोगूनच संपवावा, असा उपचारांवरचा आक्षेप खेड्यांत अजून ऐकू येतो. त्याचा निकाल चरकसंहितेच्या विमानस्थानात केव्हाच लागला आहे: आयुष्य जर पूर्ण ठरलेले असते तर औषधे, पथ्य आणि सर्पापासून दूर पळणे हे सगळेच व्यर्थ ठरले असते. दैव आणि पुरुषार्थ मिळून आयुष्य ठरवतात. कर्करोगाच्या रुग्णाला नशिबाचा धडा देणाऱ्यांनी चरकाची एवढी पाने तरी वाचावीत.

उरतो तो होकाराचा प्रश्न. झाडाला, उंदराला आणि अस्तरपेशीला तो विचारता येत नाही, रुग्णाला विचारता येतो. भारतात २०१९ पासून लागू असलेल्या नव्या औषध व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार चाचणीत सहभागी होणाऱ्याला त्याला कळेल अशा भाषेत सगळे सांगून लेखी संमती घ्यावी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, आणि तो कधीही बाहेर पडू शकतो. लातूरला १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले, तेव्हा या भागातल्या रुग्णासमोरचा प्रश्न जवळ डॉक्टर मिळेल का एवढाच होता. बुडबुड्यांच्या चाचणीला बोलावल्या जाणाऱ्या रुग्णासमोरचे प्रश्न वेगळे असतील: आपल्याच निरोगी वाहिन्यांवर घाव घालू द्यायचा का, कशासाठी, किती दाबाने, आणि यातून आपल्याला काही मिळणार आहे की पुढच्या रुग्णांना. संमतिपत्रात या चारही प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असणे आणि ती रुग्णाच्या घरातल्या बोलीत समजावून सांगितलेली असणे, ही त्या चाचणीतली पहिली सावधगिरी आहे.